घरचं ग्लुकोमीटर : आकडा कसा येतो, कुठे फसवतो आणि मशीनमधला डेटा बाहेर कसा काढायचा

मधुमेहाला आपण घरात 'शुगर' म्हणतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे बोटाला सुई टोचून साखर तपासणारं छोटं मशीन, म्हणजेच ग्लुकोमीटर, आता अनेक घरांत औषधांच्या डब्याशेजारी ठेवलेलं असतं. वापरतात अम्मी-अब्बू, दादी किंवा नाना. पण तारीख चुकली, स्क्रीनवर 'एरर' आला किंवा आकडा विचित्र दिसला की हाक मारली जाते ती घरातल्या त्या मुलाला किंवा मुलीला, ज्यांना मोबाईल, वायफाय, प्रिंटर सगळं 'जमतं'.

हा लेख अशा मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मशीन खोलून बघण्यात मजा आहे, यात शंका नाही. पण घरच्या पेशंटला खरा फायदा होतो तो दोन गोष्टींनी : आकडा कुठे फसवू शकतो हे कळणं, आणि मशीनमध्ये अडकून पडलेली रीडिंग्ज डॉक्टरांसमोर नीट मांडता येणं. ही दोन्ही कामं घरात बसून, जवळजवळ फुकटात होतात. औषधाचा किंवा इन्सुलिनचा डोस ठरवणं मात्र डॉक्टरांचंच काम आहे.

सुरुवात एका इंजिनिअरने केली

घरी साखर तपासण्याची कल्पना मुळात एका तंत्रप्रेमी पेशंटच्या हट्टातून पुढे आली. १९६५ मध्ये अमेरिकेतील एम्स कंपनीने डेक्स्ट्रोस्टिक्स नावाची कागदी पट्टी बाजारात आणली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब टाकायचा, एक मिनिटाने पाण्याने धुवायचा आणि पट्टीचा निळा रंग तक्त्याशी जुळवून अंदाज करायचा. डोळ्यांनी रंग ओळखण्यात चूक होई. म्हणून त्याच कंपनीत अँटन क्लेमेन्स यांनी तो रंग प्रकाशाने मोजणारं यंत्र तयार केलं. ते १९७० च्या सुमारास आलं. वजन एक किलोहून जास्त, किंमत कित्येकशे डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टर व दवाखान्यांना.

रिचर्ड बर्नस्टीन हे तेव्हा इंजिनिअर होते. वयाच्या १२ व्या वर्षापासून त्यांना टाइप-१ मधुमेह होता आणि शरीरावर त्याचे परिणाम दिसू लागले होते. पेशंटला हे यंत्र मिळत नव्हतं, पण त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. त्यांच्या नावावर त्यांनी ते मागवलं. मग दिवसातून अनेक वेळा स्वतःचं रक्त तपासून, काय खाल्ल्यावर आणि किती इन्सुलिनने साखर कशी हलते, याची इंजिनिअरच्या पद्धतीने नोंद ठेवली. आपले निष्कर्ष त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांना पाठवले, पण ते छापले गेले नाहीत. शेवटी पंचेचाळिशीत त्यांनी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला, डॉक्टर झाले आणि २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांच्या आहारपद्धतीबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. मात्र 'पेशंटने स्वतः घरी वारंवार साखर तपासावी' हा त्यांचा मुद्दा काळाने खरा ठरवला. १९९३ मध्ये डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात १,४४१ टाइप-१ पेशंट होते. काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्या गटात दिवसातून किमान चार वेळा तपासणी व्हायची, आणि त्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला.

आज आपण वापरतो त्या पद्धतीचं, म्हणजे रंगाऐवजी विजेचा प्रवाह मोजणारं पहिलं घरगुती मशीन १९८७ मध्ये आलं. क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड इथल्या संशोधनातून निघालेलं हे 'एक्झॅकटेक' पेनाच्या आकाराचं होतं.

स्ट्रिपमध्ये नेमकं काय होतं

बरेच लोक मशीनला महत्त्व देतात आणि स्ट्रिपला कागदाचा तुकडा समजतात. हकीकत उलट आहे. खरी प्रयोगशाळा स्ट्रिपमध्ये असते. मशीन फक्त वीज मोजतं आणि हिशेब करतं.

स्ट्रिपच्या टोकाला एक बारीक नळी असते. तिथे बोट टेकवलं की रक्त आपोआप आत ओढलं जातं. आत एन्झाइमचा सुकवलेला थर असतो. ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डीहायड्रोजनेज, या दोनपैकी एका जातीचं एन्झाइम बहुतेक स्ट्रिपमध्ये वापरतात. ते रक्तातल्या ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढून घेतं. दुसरं एक रसायन हे इलेक्ट्रॉन उचलून इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवतं. त्याला मध्यस्थ म्हणू या. मशीन इलेक्ट्रोडवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब देतं आणि वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजतं. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. हा प्रवाह क्षणाक्षणाला कमी होत जातो, म्हणून ठरलेल्या क्षणीच तो मोजावा लागतो. स्क्रीनवर दिसणारी पाच सेकंदांची उलटी मोजणी असते ती त्यासाठीच.

रक्त पुरेसं आलं नाही, तर नळी अर्धीच भरते आणि प्रवाह कमी येतो. चांगलं मशीन अशा वेळी आकडा न दाखवता एरर देतं. 'मशीन खराब झालं' असं वाटतं, पण त्याने आपल्याला चुकीच्या आकड्यापासून वाचवलेलं असतं.

किती फरक चालतो

एकाच बोटावर लागोपाठ दोनदा तपासलं, एकदा १४२ आणि एकदा १५८ आलं, की घरात वाद सुरू होतो. हा फरक नियमात बसतो. ग्लुकोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५१९७ आहे, आणि त्याची २०१३ ची आवृत्ती असं सांगते : साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल, तर १०० पैकी ९५ रीडिंग्ज प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के वर-खाली या हद्दीत हवीत. साखर १०० पेक्षा कमी असेल, तर हद्द १५ मिलिग्रॅम वर-खाली अशी आहे.

म्हणजे खरी साखर २०० असेल, तर १७० ते २३० मधला कोणताही आकडा 'बरोबर' धरला जातो. खरी साखर ७० असेल, तर ५५ ते ८५. आणि १०० पैकी ५ रीडिंग्ज याच्याही बाहेर जाऊ शकतात. त्यामुळे एका आकड्यावर घाबरणं किंवा खूश होणं, दोन्ही घाईचं. आकडा आणि पेशंटची तब्येत जुळत नसेल, तर हात धुऊन नवीन स्ट्रिपवर पुन्हा तपासा.

लॅबशी तुलना करायची असेल तर ती उपाशीपोटी करा. जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा बरीच जास्त असते, तेव्हा तुलना चुकते. लॅबमध्ये रक्त दिल्यावर पाच मिनिटांच्या आत घरच्या मशीनवर तपासा. लॅबच्या नळीतलं रक्त उशिरा तपासलं गेलं, तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि साखर ताशी साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. त्यासाठी फ्लोराइड घातलेली राखाडी झाकणाची नळी वापरतात. म्हणजे फरक आला तर दोष दर वेळी घरच्या मशीनचाच असेल असं नाही.

आकडा फसवण्याची घरातली कारणं

न धुतलेले हात. सर्वात साधं आणि सर्वात जास्त घडणारं कारण. आंबा कापला, खजूर खाल्ला, मुलाला बिस्किट भरवलं, आणि लगेच बोट टोचलं. बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि आकडा भलताच वाढतो. नुसतं सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवून हे पुरतं जात नाही. साबण-पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटाने थेंब पातळ होतो आणि आकडा कमी येतो.

दमट हवा. एन्झाइमला ओलावा सोसत नाही. स्ट्रिपच्या डबीतच ओलावा शोषणारं रसायन असतं, पण झाकण उघडं राहिलं तर त्याचा उपयोग संपतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे विशेष सांभाळावं. स्ट्रिप काढली की लगेच 'टक' आवाज येईपर्यंत झाकण लावा. स्ट्रिप दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका, फ्रीजमध्ये नको, उन्हात उभ्या गाडीत तर नकोच.

रक्तातलं पेशींचं प्रमाण. ही गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. ॲनिमिया असेल तर बऱ्याच मशीनवर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. म्हणजे आकडा ठीक आणि खरी साखर घसरलेली, असं होऊ शकतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या महिलांच्या आणि किडनीच्या पेशंटच्या बाबतीत मशीनच्या माहितीपत्रकात 'हिमॅटोक्रिट'ची हद्द काय दिली आहे ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

काही औषधं. व्हिटॅमिन सी शिरेतून मोठ्या प्रमाणात दिलं असेल, तर काही मशीन चुकतात. याहून गंभीर गोष्ट पोटाच्या डायलिसिसची आहे. त्यातल्या आयकोडेक्स्ट्रिन या द्रवापासून शरीरात माल्टोज तयार होतं, आणि 'जीडीएच-पीक्यूक्यू' जातीच्या स्ट्रिप त्याला ग्लुकोज समजतात. साखर वाढल्याचं दिसतं, इन्सुलिन दिलं जातं आणि पेशंटची साखर धोकादायक पातळीपर्यंत पडते. अशा चुकीशी जोडलेल्या १३ मृत्यूंची नोंद १९९७ ते २००९ या काळात झाल्याचं सांगून अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये इशारा दिला होता. घरात पोटाच्या डायलिसिसवर कोणी असेल, तर स्ट्रिप कोणत्या जातीची आहे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

जुनी किंवा दुसऱ्या मशीनची स्ट्रिप. काही जुन्या मशीनमध्ये प्रत्येक डबीचा कोड टाकावा लागतो किंवा डबीबरोबर आलेली छोटी चिप बसवावी लागते. डबी बदलली आणि कोड तोच राहिला, तर आकडा चुकतो.

मशीन ठीक आहे की नाही हे तपासायला कंट्रोल सोल्युशन नावाची बाटली मिळते. साखर किती हे आधीच माहीत असलेला तो द्रव असतो. रक्ताऐवजी त्याचा थेंब द्यायचा आणि आकडा स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या हद्दीत येतो का बघायचं. मशीन तपासण्याची आवड असणाऱ्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी ही बाटली आणावी.

परदेशातून आलेलं मशीन आणि एककाचा घोळ

आपल्या अनेक घरांतली माणसं आखातात, ब्रिटनमध्ये किंवा दक्षिण आफ्रिकेत आहेत. येताना ते मशीन घेऊन येतात. भारतात साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे मिलिमोल प्रति लिटर चालतं. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. ३.९ म्हणजे ७०, ७ म्हणजे १२६ आणि १६.६ म्हणजे जवळपास ३००.

दादीला रोज '१४०-१५०' बघायची सवय असते. नव्या मशीनवर '१६' दिसलं तर ते फारच कमी समजून साखर खायला दिली जाऊ शकते, खरी साखर मात्र २८८ असते. काही जुन्या मशीनमध्ये सेटिंगमधून एकक बदलता येत असे आणि चुकून बटण दाबलं गेलं तर घोटाळा होई. आता बहुतेक मशीनमध्ये एकक कारखान्यातच पक्कं केलेलं असतं. म्हणून स्क्रीनवर आकड्याशेजारी बारीक अक्षरांत काय लिहिलंय, ते पहिल्याच दिवशी वाचा. अशा मशीनच्या स्ट्रिप इथे मिळतील का, हेही आधी बघा. नाहीतर दोन महिन्यांत ते कपाटात जातं.

मशीनमधला डेटा बाहेर काढणं

बहुतेक मशीन शेकडो रीडिंग्ज वेळेसह लक्षात ठेवतात. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर पेशंट एक-एक बटण दाबत मागे जातो आणि पाचव्या रीडिंगला थकतो. टेक्नोप्रेमी मुलांनी हात घालायला हीच जागा चांगली.

सर्वात आधी घड्याळ. बॅटरी बदलली की अनेक मशीनमध्ये तारीख-वेळ पुसली जाते. वेळ चुकीची असेल, तर पुढचा सगळा डेटा निरुपयोगी. सकाळची उपाशी साखर रात्री दोनची दिसते. कोणी उमराहला गेलं असेल तर लक्षात ठेवा, सौदीची वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे आहे. दुबई दीड तास मागे. घड्याळ कधी बदललं, ते वहीत लिहून ठेवा.

केबलवाली मशीन. जुन्या मशीनमध्ये इअरफोनसारखं एक भोक असतं. वनटच अल्ट्रा मालिकेतलं २.५ मिलिमीटरचं भोक हे प्रत्यक्षात सिरियल पोर्ट आहे. त्यातून ९६०० बॉडच्या वेगाने रीडिंग्ज बाहेर येतात. त्यासाठीची केबल कंपनी देते. स्वतः केबल बनवायची असेल, तर व्होल्टेज आधी तपासा. चुकीच्या व्होल्टेजचा अडॅप्टर लावला तर मशीन जळू शकतं. आणि केबल जोडलेली असताना बोट टोचून तपासणी करू नये.

सॉफ्टवेअर. कंपन्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर अनेकदा फक्त विंडोजवर चालतं किंवा काही वर्षांनी बंद पडतं. यावर उपाय म्हणून काही मुक्त प्रोग्रॅम तयार झाले. 'ग्लुकोमीटरयुटिल्स' हा पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम अनेक मॉडेलमधली रीडिंग्ज वाचून साध्या मजकुरात देतो. तो कमांड लिहून चालवावा लागतो, म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांसाठी चांगला धडा आहे. 'टाइडपूल' ही अमेरिकेतील ना-नफा संस्था अपलोडर आणि आलेख फुकट देते. आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, हे आधी बघा.

ब्लूटूथवाली मशीन. ब्लूटूथची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ग्लुकोमीटरसाठी एक सामाईक भाषा ठरवून दिली आहे. तिचा सेवा क्रमांक १८०८ आहे. जी मशीन ही भाषा बोलतात, त्यांच्याशी जोडणी केल्यावर प्रत्येक रीडिंग एका नोंदीच्या रूपात मिळतं : अनुक्रमांक, तारीख-वेळ, साखरेचा आकडा, रक्त कुठून घेतलं आणि मशीनची स्थिती. इथे एक गंमत आहे. साखर या नोंदीत मिलिग्रॅममध्ये नसते, तर अनेकदा किलोग्रॅम प्रति लिटरमध्ये असते. आपले १२० तिथे ०.००१२ होतात. हे रूपांतर विसरलं की पहिल्या दिवशी सगळेच आकडे शून्य दिसतात. नोंदीत 'बॅटरी कमी', 'तापमान जास्त', 'रक्त कमी' असे इशारेही ठेवण्याची सोय आहे. घरच्या ॲपमध्ये ते दिसत नसले, तरी कच्च्या डेटात सापडू शकतात.

हे काहीच जमत नसेल तर? मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढा किंवा वहीत लिहा. वही वाईट नाही. अर्धवट वही वाईट.

तक्ता कसा वाचायचा

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये सहा रकाने पुरतात : तारीख, वेळ, आकडा, जेवणाआधी की नंतर, औषध घेतलं का, आणि शेरा. शेऱ्यात लग्नाची दावत, ताप, प्रवास, पायी चालणं, झोप न होणं असं काहीही चालेल.

मग आकडे वेळेनुसार वेगळे करा. सगळ्यांची एकच सरासरी काढू नका. सकाळी ७० आणि रात्री २३० असेल तर सरासरी १५० येते आणि 'सगळं छान' असं वाटतं, पण प्रत्यक्षात दोन्ही टोकं धोक्याची. सकाळचे, दुपारचे, रात्रीचे आकडे वेगळ्या रंगात ठेवले की डॉक्टरांना एका नजरेत कळतं की साखर नेमकी कधी चढते, कधी पडते. ७० च्या खालचं प्रत्येक रीडिंग लाल करा.

एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची रिपोर्ट. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, ८ टक्के म्हणजे १८३. मशीनची सरासरी १३० आणि एचबीए१सी ८ असेल, तर समजा की चढत्या वेळी तपासणी होतच नाही. बहुतेक घरांत फक्त सकाळी उपाशीपोटी तपासतात, तिथे असं होणं साहजिक आहे. दुसरं म्हणजे ॲनिमियासारख्या आजारात एचबीए१सीही फसवू शकतो. हे कोडं सोडवणं डॉक्टरांचं काम. पण तक्ता नसेल तर कोडं दिसतच नाही.

सेन्सर आणि 'आम्ही थांबणार नाही'

आता दंडावर लावायचे सेन्सर आले आहेत. ते दर काही मिनिटांनी आकडा देतात. फ्रीस्टाइल लिब्रे २०१४ मध्ये युरोपात आला. त्याचा सेन्सर १४ दिवस चालतो आणि मोबाईल जवळ नेला की एनएफसीने वाचता येतो. हे सेन्सर रक्त नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतात. त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना ते काही मिनिटं मागे असतात. घाम फुटलाय, हात थरथरताहेत आणि सेन्सर 'ठीक' सांगतोय, तर बोट टोचून बघा.

या क्षेत्रातली सर्वात मोठी झेप घरच्याच लोकांनी घेतली. २०१३ मध्ये अमेरिकेतील जॉन कॉस्टिक या प्रोग्रॅमर वडिलांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या सेन्सरमधली साखर इंटरनेटवर आणली, म्हणजे मूल शाळेत असताना कामाच्या ठिकाणी बसून त्याची साखर दिसू लागली. त्यातून 'नाइटस्काउट' हा मुक्त प्रकल्प उभा राहिला आणि 'आम्ही थांबणार नाही' हे या पालकांचं घोषवाक्य झालं. डेना लुईस यांना झोपेत सेन्सरचा अलार्म ऐकू येत नसे. त्यांनी आणि स्कॉट लीब्रँड यांनी आधी मोठा अलार्म बनवला आणि पुढे साखर बघून इन्सुलिन पंप आपोआप कमी-जास्त करणारी प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. अशाच मुक्त कामातून निघालेल्या 'टाइडपूल लूप'ला जानेवारी २०२३ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली.

दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. मे २०१९ मध्ये याच एफडीएने स्वतः जोडलेल्या अशा प्रणालींबद्दल इशारा दिला. एका पेशंटला अशा जोडणीतून इन्सुलिनचा जास्त डोस गेला होता आणि त्याला उपचार घ्यावे लागले होते. डेटा बघण्यासाठी जोडणं आणि डोस देण्यासाठी जोडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं घरी जरूर करा. दुसरं घरच्या प्रयोगाचा विषय नाही.

रमजानमध्ये मशीनचं काम

१३ देशांत झालेल्या एपिडियार अभ्यासात दिसलं की रमजानमध्ये साखर गंभीरपणे पडण्याचं प्रमाण टाइप-१ मध्ये ४.७ पट आणि टाइप-२ मध्ये ७.५ पट वाढलं. म्हणजे या महिन्यात मशीनची गरज सर्वात जास्त, आणि 'रोज्यात रक्त कसं काढायचं' म्हणून नेमकी याच महिन्यात तपासणी टाळली जाते. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमांचं सर्वसाधारण मत आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटना आणि 'डार' यांच्या मार्गदर्शिकेतही हे स्पष्ट लिहिलं आहे.

त्याच मार्गदर्शिकेनुसार साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा. त्रास जाणवत असेल तरीही सोडावा. तपासायच्या वेळा अशा : सहरीआधी, सकाळी, दुपारी, असरच्या सुमारास, इफ्तारच्या थोडं आधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी. शिवाय चक्कर, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच. प्रत्येकाला इतक्या वेळा तपासावं लागत नाही. किती वेळा तपासायचं आणि मुळात रोजा ठेवायचा की नाही, हे रमजानच्या ६ ते ८ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून ठरवा. मागच्या दोन महिन्यांचा तक्ता त्या भेटीत फार कामाला येतो. आणि इफ्तारनंतर तपासताना खजुराचे चिकट हात आधी धुवा.

साखर ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घोळून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

हे करू नका

एकाच सुईने घरातल्या सगळ्यांची साखर तपासू नका. 'घरचेच तर आहेत' हे कारण चालत नाही; सुई टोचायचं पेन सामाईक वापरल्यानेही हिपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणं आहेत. प्रत्येकाचं पेन वेगळं, सुई दर वेळी नवीन. मशीन सामाईक असेल तर प्रत्येकाच्या तपासणीनंतर पुसा आणि कोणाचं रीडिंग कोणतं ते लिहा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून टाका, म्हणजे कचरा उचलणाऱ्याला टोचणार नाहीत.

वापरलेल्या स्ट्रिप उघडून बघू नका. आतली रचना बघायची असेल तर मुदत संपलेली, न वापरलेली स्ट्रिप घ्या. मशीन खोलायचं असेल तर बंद पडलेलं, कोणाच्याही उपयोगात नसलेलं घ्या. एकदा खोललेलं मशीन पुन्हा जोडून पेशंटला देऊ नका.

सुई न टोचता साखर सांगणारी स्मार्टवॉच किंवा अंगठी घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने स्पष्ट सांगितलं की स्वतःहून साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणं वेगळं आणि घड्याळाने साखर मोजणं वेगळं. ऑनलाइन जाहिरातीत हा फरक मुद्दाम पुसलेला असतो.

पहिल्या रविवारचं काम

१. मशीनची तारीख, वेळ आणि एकक बघा.
२. स्ट्रिपच्या डबीवरची मुदत आणि कोड तपासा; डबी उघडल्याची तारीख त्यावर पेनने लिहा.
३. कंट्रोल सोल्युशनने एकदा चाचणी घ्या.
४. माहितीपत्रकातली तापमानाची आणि हिमॅटोक्रिटची हद्द अधोरेखित करा.
५. मशीनमधली सगळी रीडिंग्ज एका तक्त्यात उतरवा आणि ७० च्या खालची लाल करा.
६. पेशंटला विचारा : कोणत्या वेळी तपासायचा कंटाळा येतो? बहुधा त्याच वेळची माहिती तक्त्यात नसते.
७. तक्त्याची एक प्रिंट डॉक्टरांच्या पुढच्या भेटीसाठी फाइलमध्ये ठेवा.